कॅन्सर संशोधनाची फेलोशिप: अर्ज शास्त्रज्ञाचा, पण प्रश्न पेशंटचा

"डॉक्टर, मुलीची पीएचडी झाली, तीही कॅन्सरवर. आता म्हणते, कसल्याशा फेलोशिपला अर्ज करायचाय. अजून किती वर्षं शिकणार ही?" हा प्रश्न मला पालक अधूनमधून विचारतात. पेशंट आणि त्यांचे नातेवाईक वेगळंच विचारतात: "कॅन्सरवर एवढं संशोधन चालतं म्हणतात, मग आमच्यापर्यंत काही येत का नाही?"

दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण नवीन औषध कुठून येतं हे शोधत मागे गेलं, तर बऱ्याचदा आपण पीएचडीनंतरच्या त्या चार-पाच वर्षांपाशी पोचतो. त्या वर्षांत कोणाला पैसा मिळतो, कोणत्या प्रश्नासाठी मिळतो आणि ते कोण ठरवतं, यावर पुढच्या वीस वर्षांचे उपचार अवलंबून असतात. म्हणून हा विषय फक्त संशोधकांचा नाही, पेशंटचाही आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे आज समजावून सांगतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे 'फेलोशिप इन ऑन्कोलॉजी' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती फेलोशिप वेगळी. तिच्यात डॉक्टर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन विशिष्ट उपचारांचं जादा प्रशिक्षण घेतो. आज आपण बोलतोय ती पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकाला ठरावीक वर्षांसाठी मिळणारं मानधन आणि बहुतेक वेळा प्रयोगांसाठी थोडा खर्च. या काळातल्या संशोधकाला सगळे 'पोस्टडॉक' म्हणतात.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. एमबीबीएस झालेला मुलगा सर्जन होत नाही. एमएस झाल्यावरही तो लगेच स्वतंत्र युनिट चालवत नाही, आधी काही वर्षं सीनियर रेसिडेंट म्हणून काम करतो. हात बसतो, निर्णय घ्यायची सवय लागते. पोस्टडॉकचा काळ तसाच आहे. पीएचडीत प्रश्न बऱ्याचदा गाईडचा असतो आणि विद्यार्थी त्याचं उत्तर शोधायला शिकतो. पोस्टडॉकमध्ये पहिल्यांदाच 'माझा प्रश्न कोणता?' हे त्याला स्वतः ठरवावं लागतं. वय साधारण तिशीच्या आसपास, डोकं ताजं, हातात कौशल्य आणि डोक्यावर प्रशासनाचं ओझं नाही. संशोधकाच्या आयुष्यातला हा सगळ्यात उत्पादक काळ असतो.

तेव्हा मुलगी 'अजून शिकतेय' हे पूर्ण खरं नाही. ती काम करतेय. फक्त त्या कामाला कायमची नोकरी म्हणत नाहीत.

एक गोळी आणि तिच्यामागची चाळीस वर्षं

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताचा एक कॅन्सर. पूर्वी त्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट जमलं तर ठीक, नाहीतर आजार काही वर्षांत हाताबाहेर जायचा. आज याचे बहुसंख्य पेशंट रोज गोळी घेऊन नोकरी करतात, मुलांची लग्नं करतात. ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा या औषधावरच्या पेटंटचा दावा फेटाळला, तेव्हा ती बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. आपल्याकडे या औषधाचे स्वस्त पर्याय मिळत राहिले ते त्यामुळे.

ही गोळी कुठून आली ते पाहा. १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशंटच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की ते नुसतं आखूड नाही, तर ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. मग १९८० मध्ये एक छोटासा शोधनिबंध आला. त्यावर तीन नावं होती: विटी, दासगुप्ता आणि बाल्टिमोर. यातले डेव्हिड बाल्टिमोर हे नोबेल मिळालेले प्रयोगशाळाप्रमुख, आणि पहिलं नाव ओवेन विटी यांचं. ते तेव्हा त्यांच्याकडे पोस्टडॉक होते.

त्या निबंधाचा विषय काय होता? उंदरांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूतलं प्रथिन. हे प्रथिन टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतं, एवढंच त्यांनी दाखवलं. सीएमएलचा पेशंट त्यात कुठेही नव्हता. पण पुढच्या काही वर्षांत कळलं की माणसाच्या त्या तुटलेल्या गुणसूत्रात नेमकं हेच जनुक अडकलेलं आहे. म्हणजे पेशींच्या वाढीचं बटण कुठे आहे ते सापडलं होतं. मग ते बटण बंद करणारं रसायन शोधता आलं. १९९८ मध्ये ओरेगॉनचे ब्रायन ड्रकर यांनी ते पहिल्यांदा पेशंटना दिलं आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

१९६० ते २००१. या साखळीतली एक महत्त्वाची कडी एका पोस्टडॉकने जोडली. त्या वर्षी त्याला मानधन मिळालं नसतं आणि त्याने पोट भरायला दुसरी नोकरी धरली असती, तर दुसऱ्या कोणीतरी कधीतरी हे शोधलं असतंच. पण 'कधीतरी' हा शब्द सीएमएलच्या पेशंटला परवडणारा नव्हता.

कमल रणदिवे यांची फेलोशिप

हे सगळं अमेरिकेतलं झालं. आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ.

कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्यात १९१७ साली जन्मल्या. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. त्या जीवशास्त्राकडे वळल्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. खानोलकर म्हणजे भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक. त्यांनीच या विद्यार्थिनीला परदेशी फेलोशिपसाठी प्रयत्न करायला लावले. ती मिळाली आणि रणदिवे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा.

तिथे त्या काय शिकल्या? शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायची कला, म्हणजे टिश्यू कल्चर. आज कुठल्याही कॅन्सर प्रयोगशाळेत ही रोजची गोष्ट आहे, पण तेव्हा भारतात ती कोणाला येत नव्हती. रणदिवे परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये त्यांचं नाव येतं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. परळचं ते केंद्र वाढत वाढत आज खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, सामावलेलं आहे.

एका माणसाला काही काळासाठी दिलेल्या मानधनाची ही परतफेड. फेलोशिपमधून शोधनिबंध निघतो तसा एक तयार माणूसही निघतो, आणि तो परत आला तर त्याच्याबरोबर अख्खं तंत्र येतं.

हे जुन्या काळापुरतं नाही. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांनी हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये पोस्टडॉक केलं आणि ते भारतात परतले. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ती इथे तयार केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्ताच्या काही कॅन्सरांसाठी तिला देशात मान्यता मिळाली. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे खर्च त्याच्या साधारण दहाव्या भागात आला. तोही सामान्य घराला परवडणारा नाही, हे मला माहीत आहे. पण कोटी आणि लाख यांत किती फरक असतो, हे ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला सांगावं लागत नाही.

अर्जात असतं तरी काय?

ही फेलोशिप परीक्षेतल्या गुणांवर मिळत नाही. उमेदवाराला साधारण या गोष्टी द्याव्या लागतात:

- संशोधनाचा आराखडा. प्रश्न काय, तो कसा सोडवणार, अपेक्षेप्रमाणे घडलं नाही तर काय करणार.
- ज्या प्रयोगशाळेत काम करायचं तिथल्या प्रमुखाचं संमतीपत्र. म्हणजे अर्जाच्या आधीच गाईड शोधून, पत्रव्यवहार करून, त्याला पटवून ठेवावं लागतं.
- आतापर्यंतचं काम आणि जुन्या गाईडची शिफारसपत्रं.
- या दोन-तीन वर्षांत नवीन काय शिकणार आणि त्यानंतर काय करणार, याचा आराखडा.

भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप ही यातली मोठी योजना. ती पूर्वी 'सर्ब'कडे होती, आता 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'कडे आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या आणि आयसीएमआरच्याही योजना आहेत. युरोपची सगळ्यात नावाजलेली फेलोशिप मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी यांच्या नावाने आहे आणि जगातल्या कोणत्याही देशाच्या उमेदवाराला तिला अर्ज करता येतो. तिथे मुख्य प्रस्ताव दहा पानांत बसवावा लागतो. निम्मे गुण संशोधनाच्या दर्जाला, ३० टक्के परिणामाला आणि २० टक्के अंमलबजावणीला. २०२५ च्या फेरीत तिच्यासाठी जगभरातून १७ हजारांहून जास्त अर्ज आले. त्यामुळे चांगला अर्जही नाकारला जातो, आणि तो नाकारला म्हणजे उमेदवार कमी आहे असं अजिबात नाही. हे पालकांनी लक्षात ठेवावं.

माझा मुद्दा: या अर्जात पेशंट कुठे आहे?

या अर्जांची सुरुवात बहुतेक वेळा तुमच्यापासून होते. 'भारतात दरवर्षी इतक्या लाख लोकांना कॅन्सर होतो' हे पहिलं वाक्य. आयसीएमआरच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये हा आकडा सुमारे १४.६ लाख होता. पहिल्या वाक्यात पेशंटचा आकडा येतो, आणि त्यानंतर पेशंट बाहेर. अर्ज तज्ज्ञ लिहितो, तज्ज्ञ वाचतो, तज्ज्ञच ठरवतो. ज्याच्या नावाने आणि ज्याच्या कराच्या पैशाने हे चालतं त्याला कोणी विचारत नाही.

असंच असायला हवं असं नाही. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या महिलांनी आंदोलन करून १९९२ मध्ये संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून संशोधनासाठी मोठा निधी मंजूर करून घेतला. त्या कार्यक्रमात अर्ज तपासणाऱ्या समितीत शास्त्रज्ञांच्या शेजारी कॅन्सरमधून गेलेल्या व्यक्ती बसतात, आणि त्यांनाही बरोबरीने मत असतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या समित्यांतही शास्त्रज्ञ नसलेले सदस्य असतात.

आपल्याला ही कल्पना अगदी परकी नाही. भारतात कुठल्याही नव्या औषधाची चाचणी पेशंटवर करायची तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांनुसार त्या कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. म्हणजे चाचणीच्या दारात सामान्य माणूस असलाच पाहिजे हे आपण कायद्याने मान्य केलं आहे. मग कोणत्या प्रश्नावर संशोधन करायचं हे ठरतं, त्या दारात तो का नको?

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, कॅन्सर संशोधनाच्या प्रत्येक फेलोशिप अर्जाबरोबर एक पान साध्या भाषेत असावं, आणि ते इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, तमिळ अशा एका भारतीय भाषेतही असावं. दुसरी, निवड समितीत किमान दोन जागा कॅन्सरमधून गेलेल्या व्यक्तींना किंवा पेशंटची काळजी घेतलेल्या नातेवाइकांना द्याव्यात.

याने काय होईल? एक उदाहरण देतो. तंबाखू-गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कॅन्सर हा आपल्या देशातला मोठा प्रश्न. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर पेशंट बरा होतो, पण अनेकांचं तोंड पुरेसं उघडत नाही. भाकरी खाता येत नाही, बोललेलं समोरच्याला कळत नाही, लोकांत जायची लाज वाटते. माझ्यासमोर बसलेला पेशंट याबद्दल बोलतो, ट्यूमरच्या जनुकांबद्दल नाही. श्रीमंत देशांना हा प्रश्न इतका मोठा वाटत नाही, कारण तिथे हा आजार या प्रमाणात नाही. तो आपणच सोडवायचा आहे. असा पेशंट समितीत असेल, तर 'तोंड का उघडत नाही' या प्रश्नावर अर्ज करणाऱ्या मुलीकडे निदान एक जण तरी कान देऊन बघेल.

आपले प्रश्न आपण घेतले की काय होतं, तेही दिसलं आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर काढाव्यात, हा सर्जनांचा जुना वाद. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचं उत्तर दिलं. आधीच गाठी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. प्रश्न आपल्या पेशंटचा होता, उत्तर जगाच्या उपयोगी पडलं.

'मग उंदरांवरचं संशोधन बंद पडेल!'

माझ्या ओळखीतल्या संशोधकांना हे सांगितलं की हा आक्षेप लगेच येतो, आणि तो हलका नाही. १९७८ साली एखाद्या सीएमएलच्या पेशंटला समितीत बसवून विचारलं असतं, 'उंदरांच्या विषाणूतल्या प्रथिनावर पैसे खर्च करायचे का?' तर तो म्हणाला असता, 'अहो, मी मरतोय, उंदरांचं काय घेऊन बसलात?' आणि इमॅटिनिबची ती कडी तिथेच तुटली असती.

म्हणूनच मी म्हणतो की पेशंटने शास्त्र तपासू नये. प्रयोग बरोबर रचला आहे का, हे तज्ज्ञांनीच पाहावं आणि समितीत बहुमतही त्यांचंच असावं. पेशंटने एवढंच विचारावं: तुला नेमकं काय शोधायचं आहे? ते कळलं तर कोणतं दार उघडेल? तू चुकलास हे तुला कसं कळेल? या तीन प्रश्नांची उत्तरं मूलभूत संशोधन करणाऱ्यालाही देता येतात. 'हा विषाणू एका प्रथिनाने कॅन्सर करतो. ते प्रथिन काय करतं हे कळलं, तर ते थांबवायचा मार्ग शोधता येईल.' हे कुठल्याही पेशंटला समजेल, आणि माझा अनुभव आहे की समजलं तर पेशंट फार उदार असतात. 'मला नाही तर पुढच्याला उपयोग होईल' हे वाक्य मी अतिशय आजारी माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

उलट ज्याला आपलं काम एका पानात साध्या भाषेत सांगता येत नाही, त्याला ते स्वतःला तरी स्पष्ट आहे का, अशी शंका घ्यायला जागा राहते.

वय, पैसा आणि वेळ

तीन गोष्टी सरकारी योजनांनी बदलायला हव्यात.

वयाची अट. राष्ट्रीय फेलोशिपला वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवली गेली, महिलांना आणि आरक्षित गटांना पाच वर्षांची सवलत. युरोपात मोजणी जन्मतारखेपासून होत नाही, पीएचडीपासून होते. आठ वर्षांच्या आत अर्ज करा, आणि बाळंतपण, आजारपण यांचा काळ त्यातून वजा. हे जास्त न्यायाचं आहे. ज्या मुलीने घरची जबाबदारी सांभाळत उशिरा पीएचडी केली, तिला जन्मतारीख दाखवून परत का पाठवायचं? कमल रणदिवे यांनी १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना सुरू करण्यात पुढाकार घेतला. या संघटनेचं वाशीला वसतिगृह आहे आणि पाळणाघरही. शास्त्रज्ञ बाईला काय लागतं, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

पैसा. केंद्र सरकारच्या रिसर्च असोसिएटला जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. आकडा वाईट नाही. पण हे पैसे वेळेवर येत नाहीत, महिनोनमहिने अडकतात, अशी तक्रार संशोधक कित्येक वर्षं करत आहेत. ज्याला मुंबईत दर एक तारखेला भाडं द्यायचं आहे, त्याने तीन महिने पगाराशिवाय पेशींना खाद्य घालत बसायचं का? पेशी सुट्टी घेत नाहीत. रविवारीही त्यांच्यातलं द्रव बदलावं लागतं.

वेळ. दोन वर्षांत कॅन्सरचा गंभीर प्रश्न सुटत नाही. पहिले सहा-आठ महिने तर मंजुऱ्या आणि सामान मागवण्यातच जातात. मग उमेदवार काय करतो? सोपा, खात्रीचा प्रश्न निवडतो, ज्यात दोन वर्षांत निबंध छापून येईल. त्यात त्याचा दोष नाही. आपण नियमच असे केले आहेत.

आणि एक गोष्ट आपल्या समाजाची. आपल्याकडे कॅन्सरसाठी दान करणारे पुष्कळ आहेत. वॉर्डला, मशीनला, गरीब पेशंटच्या औषधांना लोक हात सैल सोडून देतात, आणि ते हवंच आहे. पण 'एका तरुण संशोधकाचा तीन वर्षांचा पगार मी देतो' असं म्हणणारा विरळा. अमेरिकेत १९४६ मध्ये डेमन रनियन हा लोकप्रिय लेखक घशाच्या कॅन्सरने वारला. त्याच्या मित्राने रेडिओवरून लोकांना आवाहन केलं आणि जमलेल्या पैशांतून एक संस्था उभी राहिली. ती आजही पोस्टडॉकना फेलोशिप देते. लोकांनी पाठवलेल्या छोट्या छोट्या रकमांची ती सुरुवात होती. गणपतीच्या वर्गणीतून रुग्णवाहिका घेणाऱ्या आपल्या मंडळांना हे अवघड आहे, असं मला वाटत नाही.

घरात असा उमेदवार असेल तर

- तयारीला अर्जाच्या तारखेआधी किमान एक वर्ष द्या. गाईड शोधण्यातच काही महिने जातात.
- फक्त मोठ्या नावामागे जाऊ नका. त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत, ते पाहा. त्यांच्यापैकी एक-दोघांशी बोला.
- अर्जात 'कॅन्सर बरा करणार' असं लिहू नका. तपासणारा तिथेच सावध होतो. तुमच्या तीन वर्षांत कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर मिळेल, ते लिहा.
- अर्ज घरातल्या विज्ञान न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. आजीला कळलं तर समितीलाही कळेल.
- वयाची आणि पीएचडीनंतरच्या वर्षांची अट त्या वर्षीच्या मूळ जाहिरातीत वाचा. नियम बदलतात. ऐकीव माहितीवर जाऊ नका.
- फेलोशिप मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ मोठी रक्कम मागत असेल, तर तिथून उठा.
- नाही मिळाली तर परीक्षकांचे शेरे मागवा, ते वाचा आणि पुन्हा अर्ज करा.

आणि पालकांनो, 'अमक्याचा मुलगा बघ, कधीचा सेटल झाला' हे वाक्य या वर्षांत तेवढं टाळा.

तुम्ही पेशंट असाल तर

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी कधीकधी विचारतात, 'तुमच्या गाठीचा थोडा भाग संशोधनासाठी ठेवू का?' घाईत सही करू नका, आणि घाबरून नाहीही म्हणू नका. कशासाठी हवा आहे, कोण वापरणार, माझं नाव गुप्त राहील का, हे विचारा. ही माहिती तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. हो म्हणालात, तर तो तुकडा बहुधा एखाद्या पोस्टडॉकच्याच हातात जाईल. तुमची आणि त्याची कधी भेट होणार नाही, पण त्याच्या प्रश्नात तुमचा वाटा असेल.

पुढच्या वेळी एखाद्या हॉस्पिटलचे किंवा संस्थेचे लोक 'आमच्याकडे कॅन्सरवर संशोधन चालतं' असं सांगतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारा: कोणत्या प्रश्नावर? मराठीत सांगाल का? हे विचारणारे पेशंट वाढले, तर ते एक पान अर्जाबरोबर आपोआप येऊ लागेल.